वर येताना दम धरू नका

माझा धाकटा भाऊ जन्मात कधी माडावर चढला नाही. वाडी आमची, माड आमचे, पण जरा उंचावरून खाली बघायचं म्हटलं की तो डोळे मिटून घेतो आणि नारळ पाडायला दर वेळी बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. हाच भाऊ चाळिशीच्या तोंडावर मालवणकडे जाऊन, पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात उतरायचं शिकून आला. आल्या आल्या रेवदंड्याच्या खाडीवर पाण्याखालची कामं घेणाऱ्या एका टोळीत लागलासुद्धा. पर्यटकांना रंगीत मासे दाखवायचं काम नव्हे ते. आमच्या समुद्रात रंगीत काही दिसत नाही, चहात बोट बुडवल्यावर जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. मालवाहू बार्जच्या पंख्यात गुंतलेली जाळी कापायची, तळाला चिकटलेली कालवं खरवडायची, खाडीबाहेर खोल पाण्यात जाऊन वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या साखळ्या तपासायच्या. सगळं हाताने चाचपडत.

"वर जायला घाबरतोस आणि खाली जायला नाही?" मी विचारलं.

"खाली गेल्यावर पडायची भीती नसते ताई."

असली उत्तरं देतो. आईवडील गेले, लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच आणि भांडायलाही दोघंच. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कॉलेजात मुलं मला वचकून असतात. घरात तो मला "जीवशास्त्रवाली" म्हणतो.

एका संध्याकाळी तो कामावरून आला तो उजवा खांदा धरूनच. हात वर होईना, खाली सोडवेना. शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडूनच निदान केलं, "वात धरलाय. दिवसभर पाण्यात राहिल्यावर दुसरं काय होणार?" निर्गुडीचा पाला आला, तेल गरम झालं, गावातल्या डॉक्टरांनी दुखणं थांबायची गोळी दिली. दोन-चार दिवसांनी खांदा मोकळा झाला आणि त्याचं श्रेय पाला, तेल आणि गोळी यांनी आपसात वाटून घेतलं. माझं मात्र मन निवेना. खांद्याबरोबर त्याच्या दंडावर लाल ठिपके उठले होते, खाज सुटली होती, आणि तो जेवता जेवता ताटावरच पेंगला होता. वाताने माणूस ताटावर पेंगत नाही.

"मग काय झालं होतं? सांग ना, जीवशास्त्रवाली," तो म्हणाला.

मला सांगता आलं नाही. फुप्फुसाची आकृती मी फळ्याकडे न बघता काढू शकते, रक्त प्राणवायू कसं उचलतं ते झोपेतही सांगेन. पण हे सगळं जमिनीवरच्या माणसाचं. त्याच्या अंगावर पाण्याचा दाब आला की काय होतं, याबद्दल आमच्या पुस्तकात जेमतेम एखादी ओळ असेल, आणि ती परीक्षेत येत नाही म्हणून आम्ही सगळेच तिला वळसा घालतो. मला स्वतःचा, पुस्तकाचा आणि त्या निर्गुडीचा एकदमच राग आला. हा पुन्हा उतरणार होता. त्याआधी मला कळायला हवं होतं. बस्स, ठरलं.

ठरवणं सोपं होतं. शिकायचं कुठून? मोबाइल उघडला की व्हिडिओंचा नुसता पूर. एकात शार्क आणि ढणढण संगीत, माहिती शून्य. एकात एक गोरा मुलगा इतक्या भरभर बोलत होता की त्यालाच दम लागेल असं वाटलं. एका ठिकाणी जगभरचे पाणबुडे एकमेकांना मूर्ख ठरवत बसले होते; मी दोन्ही बाजू वाचल्या आणि दोन्हींचं पटलं, तेव्हा तिथून उठले. एका हिंदी व्हिडिओत दंडाला गोंदवलेला एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता की वर आल्यावर सांधे दुखले तर घाबरायचं नाही, पुन्हा खाली जायचं, दुखणं पळतं. पाहणाऱ्यांनी खाली अंगठ्यांची रास लावली होती.

मी भावाला तो दाखवला. "हे खरं का रे?"

"टोळीत सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि विषय बदलून पाणी प्यायला गेला.

शेवटी माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. ती मुंबईत डॉक्टर आहे आणि योगायोग असा की न भरणाऱ्या जखमांच्या रुग्णांना जाड दाराच्या, वाढवलेल्या दाबाच्या खोलीत बसवून प्राणवायू देतात, त्या विभागात ती काम करते. तिला फोन केला. माझं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तो वात नव्हता. आणि ते व्हिडिओ बंद करा आधी."

मग तिने मला वाचायला लावलं. तिच्या विभागातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं, पाणबुड्यांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांचे लेख कुठे मिळतील ते सांगितलं. मी तिला विचारलं, खरं कुठलं आणि थापा कुठल्या हे ओळखायचं कसं? ती हसली. "लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव लावलंय का, तो हे कुठून शिकला ते सांगतो का, जुनी चूक नव्या आवृत्तीत दुरुस्त करतो का, एवढं बघा. तुम्हीच आमच्या जर्नलांवर लाल शेरे मारायचात ना, तसंच." शिष्येने गुरूची शिकवणी घेतली की गुरूला गप्प बसावं लागतं. मी गप्प बसून वाचू लागले. सुपारी वाळत घालताना, पेपर तपासायचे सोडून, रिक्षात बसून रेवदंड्याहून अलिबागला जाताना. इंग्रजी अडत नव्हतं, पण एकेक पान तीनदा वाचावं लागत होतं, कारण शब्द ओळखीचे आणि गोष्ट अनोळखी.

डोक्यात शिरलं तरी मला हातात हवं होतं. म्हणून एका रविवारी वाडीतल्या विहिरीवर प्रयोग केला. प्लास्टिकची बाटली आतून कोरडी करून तिच्यात पीठ हलवलं, आतल्या भिंतीला पिठाचा पातळ थर बसला. तोंड खाली करून, दगड बांधून ती सरळ विहिरीच्या तळाला सोडली. वर काढली तर खालचं पीठ भिजून गेलेलं आणि वरचं तसंच पांढरं. मध्ये स्वच्छ रेघ. तळाशी पाण्याने बाटलीतली हवा तेवढी दाबून धरली होती.

"म्हणजे आमची फुप्फुसं अशी चेपतात?" भाऊ बाटली निरखत म्हणाला.

"तुझी नाही चेपत, कारण तू टाकीतून दाबाची हवा घेत राहतोस आणि ती खालीही पूर्ण फुगलेली राहतात. आता उलट विचार कर. दहा मीटरवर छाती भरून घेतलीस आणि तोंड मिटून वर आलास, तर तीच हवा दुप्पट होणार. मावणार कुठे?"

त्याने बाटली खाली ठेवली. "फाटेल," तो हळूच म्हणाला.

खांद्याचं मी त्याला गोटी सोड्यावरून सांगितलं. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात, सांध्यात मुकाट्याने विरघळून बसतो. भर्रकन वर आलं की गोटी ढकलल्यासारखा फसफसतो. सावकाश आलं, मध्ये थांबलं, तर श्वासावाटे निघून जातो. परत खाली गेल्यावर दुखणं का थांबतं तेही मला आता कळलं होतं. बुडबुडे पुन्हा दाबले जातात, एवढंच. ते जात नाहीत, उलट आणखी नायट्रोजन अंगात भरतो, आणि पुढच्या वेळी ते मणक्यात निघाले तर माणूस चालायचा थांबतो. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

इतकं झाल्यावर मला वाटलं, आता आपल्याला कळलं. मग मी एकदा त्यांचं काम बघायला जेट्टीवर गेले.

टोळीचा मुकादम साठीचा, इथलाच दर्यावर्दी माणूस. स्वतः आता उतरत नव्हता, पण प्रत्येकाचा पट्टा, प्रत्येकाची नळी हाताने ओढून बघितल्याशिवाय कुणाला सोडत नव्हता. मला तो आवडला. भाऊ आणि म्हसळ्याकडच्या एका भातशेतीवाल्या घरातला गडी, दोघं बार्जच्या कडेवर पाय सोडून बसले होते. मुकादमाने दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि रोजच्यासारखं सांगितलं, "वर येताना दम धरून या रं."

मी जागच्या जागी ओरडले. "काय सांगताय हे त्यांना!"

सगळं थांबलं. मुकादम माझ्याकडे बघतच राहिला. "काय सांगतोय म्हंजे? दम धरून या म्हंतोय. घाई करू नका, सावकाश या. मंग काय, पळत या म्हणू?"

माझी चूक मला दिसली. माणूस बरोबरच सांगत होता. माझ्या त्या जाड इंग्रजी पुस्तकात हाच सल्ला मोठ्या अक्षरात होता. मी जरा खजील झाले, भाऊ तोंडावरच हसला. तेवढ्यात मला वाटलं, विचारून तर बघावं. मी त्या म्हसळ्याच्या गड्याकडे वळले. "तुम्ही वर येताना काय करता?"

"दम धरतो की बाई," तो म्हणाला. "छाती भरून घ्यायची न् तोंड मिटून थेट वर. मुकादम रोज सांगतात न्हाय का."

"श्वास रोखून?"

"व्हय. सुटायला बघतो, पन मी सोडत न्हाय."

मुकादमाचा चेहरा उतरला. "आरं, मी कवा असं सांगितलं?"

"रोज सांगता की."

"छातीत दुखत नाही?" मी विचारलं.

त्याने आधी मुकादमाकडे बघितलं. "टोचतं कधी कधी. पन दमाचा गडी म्हंतात ना मला समदे. सांगायचं कसं?"

त्या दिवशी त्याला उतरवला नाही. छातीचा फोटो काढून आणला, तो सुदैवाने साफ निघाला. मी मात्र घरी येऊन कितीतरी वेळ त्या एका शब्दावर अडून बसले. आपल्या भाषेत सगळा पराक्रम दम धरण्यात आहे. टिकून राहतो त्याच्यात दम असतो, हरतो तो दम सोडतो. लहानपणापासून कानात हेच. आणि पाण्याखालचा पहिला नियम असा की काही झालं तरी दम सोडत राहा, एक क्षणही धरू नका. जगातल्या उत्तमातल्या उत्तम पुस्तकात हे अडचण म्हणून सापडणार नव्हतं, कारण ते लिहिणाऱ्याला मराठी येत नव्हतं. मी शोधून शोधून चांगलं ते गोळा केलं होतं, पण शेवटचा टप्पा मलाच चालायचा होता.

मग मी मराठीत लिहायला बसले. दाब म्हणजे काय, कान का दुखतात, नाक कधी चिमटायचं, वर येताना कुठे थांबायचं, सांधा दुखला तर काय करायचं आणि काय बिलकुल करायचं नाही. एकेक वाक्य त्या डॉक्टर मुलीने तपासलं, आणि मग मी तेच जेट्टीवर मोठ्याने वाचून प्रत्येकाला उलट विचारलं, "आता तुम्ही सांगा, काय कळलं?" जिथे दोघांना दोन गोष्टी कळल्या ते वाक्य खोडलं. "थोडा वेळ थांबा" गेलं, कारण मुकादमाचा थोडा वेळ म्हणजे एक विडी. मुकादम कुरकुरला, "बाई आमाला शाळंत घालतायत," पण प्राणवायूची टाकी आणि मुखवटा त्यानेच पनवेलहून आणून बार्जवर ठेवला. "वर येताना दम धरू नका" हे वाक्य त्याने केबिनच्या दारावर ऑइलपेंटने स्वतः लिहिलं.

मला वाटलं, आता काही होणार नाही.

पावसाळ्यानंतर काम पुन्हा सुरू झालं आणि काही आठवड्यांनी, मी वर्गात असताना भावाचा फोन आला. वर्गात मी फोन उचलत नाही. त्या दिवशी उचलला.

"ताई, खांदा. आणि कोपरपण." आवाज चोरटा होता. "परत खाली जाऊन येऊ का? मागच्या वेळी गेलो होतो तेव्हा थांबलं होतं."

मागच्या वेळी. म्हणजे निर्गुडीच्या आधी. तो कधी बोलला नव्हता. माझ्या तोंडात शिव्या जमा झाल्या होत्या, पण समोर वर्ग होता आणि वेळ नव्हता. "उतरलास तर याद राख. मुखवटा लाव, आडवा हो, पाणी पी. मी येते."

पोचले तेव्हा तो बार्जवर पडून प्राणवायू घेत होता आणि मुकादम त्याच्या उशाशी बसून टाकीचा काटा बघत होता. "सावकाशच आला व बाई," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "लिवल्यापरमानं थांबला. म्या दोरीवर मोजलं." मी त्याला म्हटलं, तुमची काही चूक नाही. ते खरं होतं आणि त्यामुळेच मी आणखी न थांबता गाडी बोलावली, मुंबईच्या विद्यार्थिनीला फोन लावला.

अलिबाग, वडखळ, पनवेल. मागच्या सीटवर तो मुखवट्यातून श्वास घेत पडला होता आणि मी दर थोड्या वेळाने मान वळवून पायाची बोटं हलवायला सांगत होते. हलली की पुढे बघत होते. वडखळला गाड्यांची रांग लागली तेव्हा मी ड्रायव्हरवर, रस्त्यावर आणि समोरच्या ट्रकवर जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून घेतलं. मुंबईत माझी विद्यार्थिनी दारातच उभी होती. तिने त्याला तपासलं आणि त्या जाड दाराच्या खोलीत नेलं; तिथे बुडबुडे दाबून धरायचे, प्राणवायू देऊन नायट्रोजन बाहेर काढायचा आणि मग कित्येक तासांत सावकाश दाब उतरवायचा. दाराला गोल काच होती. त्यातून तो मला दिसत होता, आणि आत दाब वाढत जाताना आता त्याच्या सांध्यात काय होत असेल हे मला पानन् पान ठाऊक होतं. माझा लहान भाऊ त्या काचेमागे फार लहान दिसत होता. मी रडले. सरळ, सगळ्यांसमोर.

तो बाहेर आला तो हात डोक्यावर उचलूनच. पूर्ण बरा झाला. काही महिने पाण्यात उतरायचं नाही, मग पुन्हा तपासणी, असं ठरलं. ते महिने तो वाडीत झाडांना पाणी घालत आणि माझ्याशी भांडत काढत होता. काकू रोज म्हणायच्या, "आता तरी त्याला घरी बसवा हो. तुमचं ऐकेल तो." तीच तर अडचण होती. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी मर्यादा घालून परवानगी दिली, आणि त्याने कागद माझ्यासमोर ठेवला.

"तू नाही म्हणालीस तर नाही उतरणार," तो म्हणाला. "खरंच. पण वाती वळत बसायचं वय नाही माझं."

मी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. सकाळी त्याच्याबरोबर जेट्टीवर गेले. तो तयार होत असताना मी विचारत राहिले आणि तो पट्टा आवळत उत्तरं देत राहिला. कान मोकळे झाले नाहीत तर? वर. हवा संपत आली तर? आधीच वर. दोन उतरण्यांमध्ये किती थांबायचं? मुंग्या आल्या तर? एकही उत्तर चुकलं नाही. मग मला जो प्रश्न त्या काचेपासून छळत होता तो मी विचारला.

"सगळं बरोबर करूनही त्या दिवशी तुला का झालं?"

त्याने हात थांबवला. थंडी, थकवा, कमी पाणी, आधी एकदा झालेलं, ही सगळी कारणं त्याला पाठ होती. ती त्याने सांगितली नाहीत.

"ठाऊक नाही ताई. तुझ्या पुस्तकांनाही ठाऊक नाही."

बरोबर होतं. मुकादम दोरी हातात घेऊन माझ्याकडे बघत होता, भाऊही बघत होता. शिकायला लागले तेव्हा मला नुसती भीती होती. आता ती कानाच्या पडद्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठे कुठे बसली आहे ते मला माहीत होतं, आणि ती जाणार नाही हेही.

"उतर," मी म्हटलं.